जानेवारीचा जमाखर्च

वाचकहो, या सदरातून दर आठवड्याला मी आपल्याला काही ना काही सांगत असतो. मीठ कमी खा, चालायला जा, तंबाखू सोडा, पुरेशी झोप घ्या. सांगायला काय जाते? डिसेंबरच्या अखेरीस एका पेशंटने मलाच उलट प्रश्न केला आणि माझ्याजवळ त्याचे धड उत्तर नव्हते.

हे गृहस्थ पैठणीचे कारागीर. वय ६६. चाळीस वर्षे खड्ड्याच्या मागावर बसून त्यांनी मोर, मुनिया, आसावली विणली. दोन वर्षांपूर्वी माग बंद केला. बारीक दिसेना, कंबर साथ देईना, आणि मुलगा नाशिकला कंपनीत लागला. ब्लडप्रेशरचा त्रास आठ वर्षांपासून. त्या दिवशी मोजले तर १७८/१००.

"गोळी चालू आहे ना?" मी विचारले.

"आहे की. त्रास वाटला की घेतो."

झोप लागत नाही, दिवस सरत नाही, ओट्यावर बसून रस्ता बघत राहतो, अशी त्यांची तक्रार. मी चिठ्ठी लिहून दिली आणि सवयीने म्हणालो, "बाबा, मन कशात तरी रमवा."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं मन मागावर रमत होतं. आता कशात रमवू? तुम्ही कशात रमवता?"

"मी वाचतो," असे म्हणालो खरा. पण माझ्या उशाशी असलेले पुस्तक दिवाळीपासून चाळिसाव्या पानावर खूण घालून पडले होते. सकाळी नऊ ते दोन दवाखाना, संध्याकाळी पाच ते दहा दवाखाना, मधल्या वेळात व्हिजिट, आणि रात्री मोबाइल बघता बघता झोप. यात रमणे कुठे बसते?

रात्री पुण्याला लेकीशी फोनवर बोलताना हा प्रसंग सांगितला. ती हसली. ती आणि तिच्या मैत्रिणी दर महिन्याच्या शेवटी एकमेकींना एक यादी कळवतात म्हणे: या महिन्यात काय वाचले, काय विकत घेतले, कशाने बरे वाटले. "बाबा, जानेवारीची यादी तुम्ही लिहा. आणि खोटं लिहायचं नाही." डेन्मार्कमध्ये घरातल्या अशा उबदार निवांतपणाला ‘हुगे’ असा खास शब्दच आहे, हेही तिने ऐकवले. आपल्याकडे शेकोटीभोवती बसून भुईमुगाच्या शेंगा खाणाऱ्यांना त्यासाठी शब्दाची गरज कधी पडली नाही, एवढेच. असो. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेली एक डायरी कोरी पडली होती. तिच्यात जानेवारीच्या पानावर तीन रकाने आखले: वाचले, घेतले, रमलो. त्यावरूनच आजचा हा जमाखर्च आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी ‘वाचले’. महिन्यात साडेतीन पुस्तके झाली. मोठा आकडा नाही, पण गेल्या सबंध वर्षात माझी एवढी झाली नव्हती.

पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकली, आणि तिने लिहिलेले आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. कॉलेजात असताना मी ते केवळ गंमत म्हणून वाचले होते. या वेळी डॉक्टरच्या नजरेने वाचले गेले आणि पहिल्याच प्रकरणात अडकलो. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले ते घरादाराला पुरून उरले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, शिवाशिव झाली की पुन्हा सगळे पहिल्यापासून. लक्ष्मीबाई हे सगळे इतक्या हसत सांगतात की वाचणाराही हसतो. पण आपल्या भाषेत यालाच मंत्रचळ म्हणतात आणि तो आजार आहे. मोठ्या धक्क्यानंतर तो उफाळून येऊ शकतो, आणि आज त्यावर उपचार आहेत. दिवसातून तीस वेळा हात धुणारी, कुलूप लावल्यावर चार वेळा परत जाऊन ओढून बघणारी माणसे मी आपल्या गावात पाहिली आहेत. घरचे लोक त्यांच्यावर चिडतात किंवा त्यांना हसतात. दवाखान्यात मात्र आणत नाहीत.

दुसरे पुस्तक गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि नेमका सत्तावन्नच्या बंडात सापडला. त्याची हकीकत १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केली. झाशीचा वेढा या माणसाने आतून पाहिला. त्या वेढ्यातून झाशी सोडवायला फौज घेऊन आले ते तात्या टोपे, म्हणजे आपल्या येवल्याचे. गावात त्यांचे नाव आपण रोज घेतो, पण त्या धुमाळीत सापडलेल्या साध्या माणसाची भूक, तहान आणि भीती कशी होती हे या पुस्तकात कळते. हे पुस्तक मी मनात वाचले नाही, मोठ्याने वाचले. ते कसे, हे पुढे येईलच.

अर्धे पुस्तक म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. ते अर्धवट राहिलेले नाही, मीच तसे ठरवले आहे. १९५६ सालचे हे पुस्तक महिन्यामहिन्याने निसर्ग सांगते, तेव्हा तेही महिन्याला एक प्रकरण असेच वाचायचे. जानेवारीत अधीरपणाने सहा प्रकरणे झाली, हा वेगळा भाग.

आणि तिसरे, डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. हे २००० साली आले तेव्हा मी विकत घेतले होते, कितीतरी पेशंटना वाचायला दिले, आणि प्रत दोनदा हरवली म्हणून दोनदा पुन्हा आणली. गडचिरोलीत आयुष्यभर लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. लोकांना उपदेश करणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या शरीराचे का कळले नाही, हा प्रश्न त्या पुस्तकात आहे. तो मी वीस वर्षे दुसऱ्यांना वाचायला देत होतो. स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता.

वाचनाने आयुष्य वाढते का, असे मला अधूनमधून कोणी विचारते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ लोकांची १२ वर्षे माहिती ठेवली, तेव्हा पुस्तके वाचणाऱ्यांत त्या काळात मृत्यूचे प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी दिसले. शिक्षण, पैसा, प्रकृती यांतला फरक त्यांनी हिशेबात धरला होता. तरी माझी शंका पुरती फिटलेली नाही. ज्याची नजर शाबूत, ज्याच्या घरात दिवा आणि डोक्याला थोडी शांतता, तोच वाचत बसतो. मग गुण पुस्तकाचा की त्या शांततेचा? पण वाचनाने अपाय झाल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही, आणि एवढे छातीठोकपणे मी फार थोड्या औषधांबद्दल सांगू शकतो.

आता ‘घेतले’. या रकान्यात पाच वस्तू आहेत. सहावी दुकानात हातात घेऊन परत ठेवली, तिचेही सांगतो.

एक टेबलावरचा दिवा घेतला. आपल्याकडे खोलीच्या मध्यभागी एक बल्ब आणि त्याच्याकडे पाठ करून वाचणारा माणूस, म्हणजे स्वतःच्याच सावलीत वाचन. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे, खांद्याच्या जरा मागे ठेवावा. उजेड पानावर पडावा, डोळ्यावर नाही. साठीच्या माणसाला तेच अक्षर वाचायला विशीतल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. घरातल्या म्हाताऱ्याला "दिसत नाही तर कशाला वाचता" म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ एक दिवा ठेवून बघा.

जवळचा चष्मा बदलून घेतला. चाळिशीनंतर जवळचे धूसर होणे हा आजार नाही, डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते म्हणून तसे होते. बाजारात तयार चष्मे मिळतात, त्यांनी काम भागते, पण ते घेण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि आतला पडदा तपासून घ्यावा. काचबिंदू गुपचूप नजर नेतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

तिसरी वस्तू गोधडी. जुन्या सुती लुगड्यांची, हाताने शिवलेली. गोधडी शिवणाऱ्या बाई माझ्या पेशंट आहेत. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मग त्यांच्या मुलाच्या हातात दिले. दुकानातल्या गुबगुबीत ब्लँकेटपेक्षा हिचा एक गुण मोठा आहे: ही धुता येते. दम्याच्या माणसाला धूळ धरून ठेवणारे पांघरूण बाधते.

चौथी वस्तू घरात वापरायच्या रबरी तळाच्या सपाता. हसू नका. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर मोडलेली म्हातारी खुब्याची हाडे मी बरीच पाहिली आहेत.

आणि परत ठेवली ती गरम पाण्याची पिशवी. थंडीच्या दिवसांत ती बऱ्याच घरांत असते आणि पोटदुखीला, पाठदुखीला चांगलीही असते. पण माझ्या घरात एक मधुमेही आहेत, माझ्या आई. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. पाय गार लागतात म्हणून पिशवी घेऊन झोपायचे, चटका बसलेला कळत नाही, आणि सकाळी तळव्याला फोड. याच महिन्यात असा एक पाय माझ्याकडे आला. जखम लवकर भरत नाही, आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर बोटावर बेतते. मधुमेह्याने पायात सुती मोजे घालावेत, पिशवी नको, शेगडीवर पाय शेकणेही नको. शेगडीचे आणखी एक. दारे-खिडक्या लावून खोलीत पेटती कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

पाचवी वस्तू मुद्दाम मागे ठेवली. घरी ब्लडप्रेशर मोजायचे यंत्र. दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि बटण दाबायचे. मनगटाला लावायचेही मिळते, पण त्यात चूक जास्त होते. यंत्र मी आईंसाठी घेतले. नवे यंत्र दवाखान्यातल्या माझ्या जुन्या यंत्राशी जुळते का ते पाहायचे होते. ५ जानेवारीच्या दुपारी दवाखाना रिकामा होता, कंपाउंडर जेवायला गेला होता, तेव्हा पट्टा स्वतःच्याच दंडाला लावला. आकडा आला १६८/१०२.

यंत्र बिघडलेले आहे, असेच मला आधी वाटले. वाचकहो, हे वाक्य मी माझ्या पेशंटच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. मग नियमाने मोजले. तो नियम तुम्हालाही सांगतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पायावर पाय नको, बोलणे नको. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. तरी १६२/१००. जुन्या यंत्रावरही जवळपास तेच.

मी ५५ वर्षांचा आहे. वडिलांना पक्षाघात झाला होता. वजन उंचीच्या मानाने १२ किलो जास्त. दिवसाला सात-आठ कप चहा, रात्री साडेपाच तास झोप, जेवणात ठेचा, पापड, लोणचे, आणि दवाखान्यात चार वाजता कागदावर फरसाण. असा माणूस समोर येऊन बसला असता तर मी त्याला काय बोललो असतो? आणि याच माणसाचे ब्लडप्रेशर तीन वर्षांत कोणी मोजलेले नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काहीच नव्हते. हाच तर या आजाराचा लबाडपणा. बहुतेकांना काहीही जाणवत नाही, आणि तोवर हृदय, मूत्रपिंड, मेंदूच्या रक्तवाहिन्या आपला भार सोसत राहतात.

पुढचे सात दिवस सकाळी दोनदा, रात्री दोनदा असे मोजून डायरीत लिहिले. घरी निवांत मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेली समजावी. माझी १५८/९८ आली. हे सात दिवस मी घरात कोणाला काही बोललो नाही. का, याचे शहाणपणाचे उत्तर माझ्याजवळ नाही. डॉक्टरच पेशंट झाला तर गावात काय म्हणतील, असा काहीसा पोरकट विचार असावा. आठव्या दिवशी डायरी सौभाग्यवतीच्या हाती लागली. ती चिडली नाही. "अहो, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे कधी जाणार?" एवढेच म्हणाली, आणि दोन दिवस ठेचा ताटात आला नाही.

नाशिकला माझे एक वर्गमित्र फिजिशियन आहेत, त्यांच्याकडे गेलो. हृदयाचा आलेख काढला. लघवी, रक्तातली साखर, चरबी, क्रिएटिनिन तपासले. डोळ्याचा पडदा पाहिला. हृदयाचा स्नायू किंचित जाड झाला आहे, बाकी ठीक. म्हणजे हे दुखणे तीन महिन्यांचे नाही, जुने आहे. रोज एक गोळी सुरू झाली. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही आले. रोज अर्धा तास चालणे. वजन उतरवणे. मित्राने हे सगळे सांगितले तेव्हा शब्द माझेच होते, फक्त खुर्ची बदलली होती.

तिसऱ्या आठवड्यात आकडा १३८/८६ आला आणि मनात काय आले, सांगू? आता गोळी बंद करायला हरकत नाही. डॉक्टर असून! आठ वर्षे "त्रास वाटला की घेतो" म्हणणाऱ्या त्या कारागिरांवर मी दर वेळी चिडत होतो. आता ते मला बरेच समजले. आकडा उतरला तो गोळीमुळे, आणि गोळी थांबली की तो पुन्हा चढतो, हे डोक्याला माहीत असते. पण ज्याला काही दुखतच नाही त्याच्या हाताला रोज सकाळी गोळीच्या पाकिटाकडे जायचा कंटाळा येतो. पाकीट मी आता चहाच्या डब्याशेजारी ठेवले आहे. चहा विसरणे मला शक्य नाही.

राहिले ‘रमलो’.

येवल्यात जानेवारी म्हणजे पतंग. भोगी, संक्रांत आणि कर, १३ ते १५ जानेवारी, या तीन दिवसांत गावातली माणसे जमिनीवर कमी आणि गच्चीवर, धाब्यावर, पत्र्यावर जास्त असतात. गेली पंचवीस वर्षे हे तीन दिवस मी टाके घालण्यात घालवले. कापलेली बोटे, पत्र्यावरून पडलेली पोरे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोटारसायकलवरून जाताना मांज्याने चिरलेला गळा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो चोरून येतो. सुती मांजा ओढ बसली की तुटतो, नायलॉनचा तुटत नाही, कापत जातो. या दिवसांत दुचाकीवरून जाताना गळ्याला जाड मफलर गुंडाळा, मुलाला पुढे टाकीवर बसवू नका. जखम झालीच तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि दहा मिनिटे उचलून बघू नका. हळद, चहाची पावडर काही भरू नका. आम्हाला ती आधी धुऊन काढावी लागते.

यंदा करीच्या दिवशी दुपारी मी दवाखाना दोन तास बंद ठेवला आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. पतंग मला पूर्वी बरा उडवता येत असे. या वेळी शेजाऱ्यांच्या नातवाने आसारी धरली (बाहेरगावच्या वाचकांसाठी: मांजा गुंडाळायच्या फिरकीला आम्ही आसारी म्हणतो) आणि माझा पतंग पाचव्या मिनिटाला काटला गेला. दुसरा दहा मिनिटे टिकला. खाली हलकडी वाजत होती, वर ऊन होते, आणि त्या दोन तासांत मला दवाखाना, आकडा, गोळी काही आठवले नाही. संध्याकाळी मोजले तर महिन्यातला सर्वांत कमी आकडा. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला माहीत आहे, पण डायरीत मी तो लाल शाईने लिहिला आहे.

सकाळचे चालणे कोटमगावच्या देवीच्या रस्त्याने सुरू आहे. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. थंडी असते, कुत्री असतात.

खरे रमलो ते मोठ्याने वाचण्यात. दवाखाना आता रात्री नऊला बंद करतो. जेवणानंतर सौभाग्यवती दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत बसते, आई गोधडीत पाय घेऊन बसतात, आणि मी नव्या दिव्याखाली गोडसे भटजी वाचतो. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच अवघडल्यासारखे झाले. चौथ्या दिवशी मी थकून टाळायला लागलो तर आईंनीच विचारले, "काल तो भटजी कुठवर आला होता?" आईंना ऐकू कमी येते म्हणून आवाज चढवावा लागतो, त्याने श्वासाचा व्यायाम होतो, हा फायदा मी नंतर शोधून काढला. मोबाइल या वेळात दुसऱ्या खोलीत असतो. झोप साडेसहा तासांवर गेली आहे.

आता त्या कारागिरांविषयी. दिवा मी दोन घेतले होते, एक घरी आणि एक दवाखान्याच्या टेबलावर. संक्रांतीनंतर ते तिळगूळ घेऊन आले. मी त्यांना डायरी दाखवली, १६८/१०२ चा आकडाही दाखवला. त्यांनी तो दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि हसले. "म्हणजे डॉक्टरसाहेब, तुम्ही पण आमच्यातलेच." मग म्हणाले, "वाचायचं म्हणता, पण मला दिसतंय कुठे? जर आणि रेशीम वेगळं दिसेना म्हणून तर माग सोडला."

मी वर्तमानपत्र दिव्याखाली धरले आणि एकेक डोळा झाकून वाचायला सांगितले. उजव्या डोळ्याने त्यांना मोठा मथळाही लागेना. टॉर्च लावून पाहिले तर बाहुली पांढुरकी. मोतीबिंदू. डावा डोळाही सुरुवातीला. दोन वर्षे हा माणूस मला "बारीक दिसत नाही" सांगत होता, मी "वयाने होतं, बाबा" म्हणत होतो, आणि दर खेपेला दंडाला पट्टा गुंडाळून पाठवत होतो. टॉर्च माझ्या खिशातच होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हणून सांगितले, पण ब्लडप्रेशर आधी आटोक्यात आणा म्हणाले. त्यामुळे आता गोळी रोज चालू आहे. मी कधी घेतो ते त्यांनी विचारून घेतले. सकाळी सातला, चहाबरोबर. तेही सातलाच घेतात. परवा मोजले तर १४६/८८ होते. नातवाची मोडलेली आसारी त्यांनी हाताने चाचपडत दुरुस्त केली आहे, हे त्यांच्या सूनबाईंनी सांगितले, त्यांनी नाही.

ऑपरेशन फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. दिसायला लागल्यावर माग पुन्हा लावायचा की नाही, यावर बापलेकांत अजून वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, कंबर बघा आपली. ते म्हणतात, काठ नाही जमला तर नुसता पदर विणीन.